मोठेपणी अडलेली वाचा

परभणी जिल्ह्यात बोलण्यावर पोट असलेली माणसे मोजायला बसले तर यादी लवकर संपत नाही. मोंढ्यात कापूस-सोयाबीनचा सौदा पुकारणारे अडते, एसटीचे वाहक, भरलेल्या वर्गापुढे दिवसाचे पाच-सहा तास बोलणारे शिक्षक, सप्ताहात दोन-दोन तास उभे राहणारे कीर्तनकार, वकील, मौलवी, पुढारी, आठवडी बाजारात भाजीचा भाव ओरडून सांगणाऱ्या बाया. ज्यांचे पोट बोलण्यावर नाही, त्यांचे घर तरी बोलण्यावरच चालते. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या नऊ तालुक्यांतल्या एवढ्या माणसांत ज्यांची वाचा मोठेपणी अडते, त्यांच्यासाठी काय करता येते, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

करता येण्यासारखे पुष्कळ आहे. हे पहिल्याच पानावर ठामपणे सांगायला हवे, कारण गावोगाव ऐकू येते ते नेमके उलट: "आता काय, वय झालं. वाचा गेली ती गेली." लकवा झालेल्या माणसाच्या हातापायाला तेल लावले जाते, त्याला धरून अंगणात चालवले जाते, परवडेल तसा फिजिओथेरपीवाला घरी बोलावला जातो. बोलण्यासाठी मात्र कोणाला बोलावायचे असते, हेच अनेक घरांना ठाऊक नसते. हातापायासारखा बोलण्यालाही व्यायाम असतो, तो शिकवणारे प्रशिक्षित लोक असतात आणि त्यांच्या उपचाराला शास्त्रीय आधार आहे, एवढी माहिती वेळेवर पोचली तरी निम्मे काम होईल.

ती पोचत नाही याचे एक कारण आपल्या समजुतीत आहे. स्पीच थेरपी म्हटले की डोळ्यांपुढे लहान मूल येते: उशिरा बोलणारे, बोबडे बोलणारे, ऐकू न येणारे. सरकारी रचनाही तशीच उभी राहिली. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना केली आणि त्यात वाचा व श्रवणतज्ज्ञाला जागा दिली. ही मोलाची गोष्ट आहे. पण तो कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. साठीतल्या शेतकऱ्याला किंवा चाळिशीतल्या शिक्षिकेला त्या दाराकडे जायचे सुचत नाही, आणि तिकडे पाठवणारेही कमीच भेटतात.

मोठ्या माणसांच्या वाचेचा अभ्यास तसा जुना आहे. एप्रिल १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा रुग्ण पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाकडे आला. गेली वीसेक वर्षे त्याच्या तोंडून एकच अक्षर निघत होते: 'तां'. काहीही विचारले तरी 'तां, तां'. पण समोरचा काय म्हणतो ते त्याला बऱ्यापैकी कळत होते, आणि हातवारे करून तो उत्तरही देत होता. काही दिवसांतच तो वारला. शवविच्छेदनात त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात इजा आढळली. पुढे १८७४ मध्ये कार्ल वर्निके या जर्मन डॉक्टरने मेंदूतली दुसरी जागा दाखवली. तिथे इजा झाली की माणूस घडाघडा बोलतो, पण बोलण्याचा अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला उमगत नाही. मेंदूतल्या इजेमुळे भाषेची शक्ती अशी उणावते, त्या अवस्थेला वाचाघात म्हणतात. डॉक्टर तिला अफेजिया म्हणतात.

लबोर्न्यच्या कहाणीतली एक गोष्ट आजही परभणीतल्या प्रत्येक घराला उपयोगी पडावी अशी आहे. त्याची भाषा गेली होती, समज पुष्कळशी शाबूत होती.

वाचाघाताचे सर्वांत मोठे कारण म्हणजे पक्षाघात, ज्याला आपण लकवा म्हणतो. मेंदूची रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. बहुतेकांचे भाषाकेंद्र मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात असते आणि तोच भाग शरीराची उजवी बाजू हलवतो, म्हणून उजवा हात-पाय लुळा पडलेल्या रुग्णाची भाषाही अनेकदा अडते. लकव्यातून वाचलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना कमी-अधिक वाचाघात होतो, असे जगभरचे अंदाज आहेत. चेहरा एकीकडे ओढला गेला, हात गळून पडला, बोलणे अडखळले की १०८ ला फोन करून तातडीने मोठ्या रुग्णालयात पोचायचे असते. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. लकव्याचे औषध देणाऱ्या गावाला आधी जाऊन येण्यात, झाडपाला आणि कबुतराच्या रक्ताची मालिश करण्यात हे तास निघून गेले, तर पुढची लढाई कितीतरी अवघड होते.

वाचाघात मराठीत कसा दिसतो? निरोगी माणूस म्हणेल, "काल मी शेतात गेलो आणि पाऊस आला." एका प्रकारचा रुग्ण कपाळाला आठ्या घालून, घाम गाळत म्हणेल, "काल... शेत... पाऊस." प्रत्यय गळाले, क्रियापदे गेली, पण सांगायचे होते ते सगळे त्या तीन शब्दांत आहे. दुसऱ्या प्रकारचा रुग्ण न अडखळता लांबलचक बोलेल, पण शब्द भलतेच येतील आणि आपण चुकीचे बोलतो आहोत हे त्याच्या ध्यानात येणार नाही. घरचे घाबरतात, 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणतात. तिसऱ्याला सगळे समजते, वाक्येही ठीक येतात, फक्त नाव आठवत नाही. विळा हातात धरून तो म्हणेल, "ते... कापायचं... गवत कापायचं ते." तिघांचे दुखणे वेगळे, म्हणून तिघांचा उपचारही वेगळा. हे ओळखणे हे वाचातज्ज्ञाचे पहिले काम असते. समजणे, बोलणे, ऐकलेले पुन्हा म्हणणे, वस्तूंची नावे सांगणे, वाचणे, लिहिणे या सगळ्यांची तो स्वतंत्र तपासणी करतो.

इथे घरच्यांकडून दोन गोष्टी हमखास घडतात. पहिली म्हणजे "बोलता येत नाही तर लिहून दाखवा" असे म्हणून कागद-पेन पुढे करणे. वाचाघातात लिहिणे आणि वाचणेही बहुधा अडलेले असते, कारण भाषेची मूळ शक्तीच दुखावलेली असते. वर उजवा हात लुळा. रुग्णाला लिहिता आले नाही की 'याला आता काहीच कळत नाही' असा निष्कर्ष निघतो. दुसरी गोष्ट 'हो' आणि 'नाही'ची. अनेक रुग्णांच्या तोंडून मनात 'नाही' असताना 'हो' निघते. म्हणून महत्त्वाच्या प्रश्नाचे उत्तर मान, अंगठा किंवा चित्र दाखवून पुन्हा पडताळावे लागते. हा केवळ औषधपाण्याचा मामला नसतो. शेताची वाटणी, सातबाऱ्यावरचा फेरफार, मुलीचे लग्न, बँकेतला अंगठा असे निर्णय वाचा गेलेल्या माणसासमोर होतात, पण त्याला न विचारता होतात. तो सगळे पाहत असतो आणि ऐकत असतो. ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवले, त्याला असे घरातल्या घरात पाहुणे करून टाकणे हा वाचाघाताचा सर्वांत मोठा घाव असतो. योग्य तऱ्हेने विचारले तर तो टाळता येतो.

उपचारात नेमके काय करतात? शब्द अडला की तो पूर्ण सांगून टाकायचा नसतो, त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट करून द्यायची असते. भाकरीचे चित्र दाखवून "तव्यावर भाजतात, जोंधळ्याची असते" असे सांगायचे, तरी नाही आले तर "भा..." एवढाच पहिला आवाज द्यायचा. "चहात पत्ती घातली, आता घालायची..." असे वाक्य अर्धे सोडायचे. क्रियापदांचा सराव वेगळा: कोण पेरतो, काय पेरतो, कशाने पेरतो. तिफण, खुरपे, टोपले, घागर, नातवंडांची नावे, गल्लीतल्या दुकानदाराचे नाव असे रुग्णाच्या रोजच्या जगातले शब्द आधी घ्यायचे. परदेशी पुस्तकातल्या स्ट्रॉबेरीचे चित्र पालमच्या शेतकऱ्याच्या काही कामाचे नाही. सोबत बोलण्याला पर्यायही तयार करायचा: घरच्या माणसांचे, औषधांचे, जेवणाचे, दुखण्याच्या जागांचे फोटो असलेली छोटी वही किंवा मोबाइलमधला अल्बम. अशा वहीमुळे माणूस बोलायचा आळस करील अशी भीती घरच्यांना वाटते. तिला आधार नाही. गरज भागू लागली की रुग्णाची चिडचिड कमी होते आणि सरावाला तो जास्त तयार होतो.

एक अनुभव पुष्कळ घरांत येतो आणि सगळे चकित होतात. ज्याला पाणी मागता येत नाही, तो हरिपाठ म्हणतो. ज्याला बायकोचे नाव येत नाही, तो दारात आलेल्या माळकऱ्याला "रामकृष्णहरी" म्हणतो, नमाजातले शब्द म्हणतो, 'बे एके बे' सुरू करून दिले की पाढा पुढे नेतो, सोमवार म्हटले की शनिवारपर्यंत पोचतो. आयुष्यभराच्या आवर्तनाने पक्के झालेले हे बोलणे मेंदूत काहीसे वेगळ्या वाटेने चालते, आणि गाण्यात मेंदूची उजवी बाजूही मोठा वाटा उचलते. जनाबाईंच्या गंगाखेडचा हा जिल्हा. ओव्या, अभंग, भारुडे इथल्या जुन्या पिढीच्या ओठांवर आहेत. तो ठेवा उपचाराला उपयोगी आहे. अमेरिकेत १९७३ मध्ये मांडल्या गेलेल्या एका पद्धतीत रुग्णाच्या डाव्या हाताने ठेका धरवून 'पाणी पाहिजे' यासारखी छोटी वाक्ये चालीवर म्हणवून घेतात आणि मग हळूहळू चाल काढून घेतात. अभंग आला म्हणजे बोलणे आले, असे मात्र समजू नये. पाठांतरातून हवा तो शब्द हवा तेव्हा काढता यावा, यासाठी पुढचे बरेच काम करावे लागते.

परभणीसारख्या जिल्ह्यात आणखी एक प्रश्न आधी विचारायला हवा: घरात कोणती भाषा बोलता? इथे मराठीच्या जोडीला दखनी उर्दू आहे, तांड्यांवर गोरमाटी आहे, आणि मराठीही पुस्तकातली नाही. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्या रुग्णाच्या भाषा बहुतेक वेळा बरोबरीने सुधारतात, पण काहींची एक भाषा आधी परतते आणि दुसरी मागे राहते. तांड्यावरच्या आजीची तपासणी फक्त प्रमाण मराठीत केली तर तिचे दुखणे आहे त्याहून मोठे दिसेल. तिच्या बोलीत काम करण्यासाठी तिची सून किंवा नातू तज्ज्ञाच्या शेजारी बसायला हवा.

किती दिवसांत फरक पडतो, हा सगळ्यांचा प्रश्न. पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत सुधारणा वेगाने होते, त्यामुळे सुरुवात लवकर व्हावी. पण वर्ष उलटले म्हणून दार बंद झाले असे नाही. जर्मनीतल्या १५८ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आघाताला किमान सहा महिने उलटलेल्या या रुग्णांना तीन आठवडे, आठवड्याला दहा तास किंवा त्याहून अधिक, वाचा उपचार दिले गेले. त्यांचे रोजच्या व्यवहारातले बोलणे सुधारले आणि सहा महिन्यांनीही ती सुधारणा टिकून होती. यातला 'दहा तास' हा आकडा महत्त्वाचा. आठवड्यातून एकदा अर्धा तास तज्ज्ञाकडे जाऊन बाकीचे दिवस गप्प बसले तर एवढा सराव कसा होणार? तो घरातच व्हायला हवा. म्हणून या पुस्तिकेचा निम्मा भाग घरच्यांसाठी आहे.

काहींची भाषा पूर्ण परतत नाही, हेही खरे. स्वीडनचे कवी टॉमस ट्रान्सट्रोमर यांना १९९० मध्ये आघात झाला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणे जवळजवळ गेले. त्यानंतरही त्यांचे कवितासंग्रह आले, डाव्या हाताने ते पियानो वाजवत राहिले, आणि २०११ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले. आपल्याकडे अटलबिहारी वाजपेयींसारख्या वक्त्याची वाणी २००९ च्या आघाताने हिरावली. शब्दावर कितीही हुकमत असलेल्या माणसाला हे होऊ शकते, त्यात त्याची चूक नसते आणि लाजण्यासारखेही काही नसते.

बोलण्याआधी गिळणे येते, आणि इथे वाचातज्ज्ञ थेट जीव वाचवतो. ज्या स्नायूंनी आपण बोलतो, त्यांतल्या अनेकांनीच आपण गिळतो. लकव्याच्या पहिल्या दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांना गिळायला त्रास होतो. घास किंवा पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेले की फुप्फुसाचा न्यूमोनिया होऊ शकतो. जोराचा ठसका लागला तर निदान कळते. काही रुग्णांना तर ठसकाही लागत नाही आणि पाणी गुपचूप खाली उतरत राहते. जेवल्यावर आवाज ओलसर, घुरघुरता येणे आणि वारंवार ताप येणे या त्याच्या खुणा. आपली माया इथे आड येते: रुग्णाला पडल्या पडल्या चमच्याने पाणी, पातळ चहा, वरणाचे पाणी पाजले जाते. पातळ पदार्थ घशात वेगाने सरकतो, त्यामुळे अशक्त घशाला तोच जास्त धोक्याचा. रुग्णाला ताठ बसवणे, छोटा घोट देणे, पहिला घोट गिळून झाल्याशिवाय दुसरा न देणे हे सर्वांनी पाळावे. पदार्थ किती घट्ट असावा, मान कशी ठेवावी, तोंडाने द्यावे की काही दिवस नळीने, हे मात्र तपासणी करूनच ठरवायचे असते.

आता आवाजाकडे वळू. भाषा शाबूत असते, जीभ-ओठ ठीक असतात, पण कंठातल्या स्वरपट्ट्या थकतात. बोलताना त्या पुरुषात सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, स्त्रीत दोनशेच्या आसपास एकमेकींवर आदळतात. शिक्षिका दिवसभर पंख्याच्या, गाड्यांच्या, शेजारच्या वर्गाच्या गोंगाटावर आवाज चढवून बोलते तेव्हा त्या पट्ट्यांवर घट्टे पडू शकतात. आवाज घोगरा होतो, संध्याकाळी बसतो, सुट्टीत सुधारतो आणि शाळा उघडली की पुन्हा बिघडतो. अशा घट्ट्यांवर पहिला उपचार बहुधा शस्त्रक्रियेचा नसून आवाज वापरायची रीत बदलण्याचा असतो: श्वासाच्या आधारावर बोलणे, ओठ मिटून गुणगुणत आवाज पुढे आणणे, सतत खाकरायची सवय सोडणे, पाणी पिणे, छोटा माइक वापरणे. घसा बसल्यावर कुजबुजत बोलण्याने आराम पडतोच असे नाही. ताण देऊन कुजबुजले तर उलट त्रास होतो. कीर्तनकार, शाहीर, लिलाव पुकारणारे यांनाही हेच लागू. मात्र आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला, तर कोणताही व्यायाम सुरू करण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र पाहून घ्यावे. तंबाखू किंवा विडीची सवय असेल तर एक दिवसही टाळू नये.

आवाजाच्याच प्रकरणात अशा तरुणांचा विषय आहे, ज्यांची मिसरूड फुटली तरी आवाज बारीकच राहिला. गावात त्यांची टिंगल होते, फोनवर त्यांना 'ताई' म्हटले जाते, लग्न जमवताना घरचे त्यांना बोलू देत नाहीत. स्वरयंत्र पूर्ण वाढलेले असते, फक्त जुनी सवय सुटलेली नसते. तपासणीत दुसरे काही निघाले नाही, तर कंठमण्यावर हलका दाब देऊन, खोकल्यातून किंवा गुणगुणण्यातून खालचा स्वर शोधून देतात आणि तो पक्का करतात. पुष्कळदा थोड्याच बैठकींत आवाज कायमचा उतरतो. एवढ्या सोप्या उपायाच्या माहितीवाचून काही तरुण वर्षानुवर्षे गप्प राहतात, ही हळहळण्यासारखी गोष्ट आहे.

तंबाखूचे प्रकरण जड आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पण तंबाखू-चुना, सुपारी, मिश्री आणि चोरून मिळणारा गुटखा यांचा विळखा सुटलेला नाही. सुपारीने आणि गुटख्याने तोंडाची आतली कातडी ताठर होत जाते, तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर तपासणी करावी, ही साधी खूण प्रत्येक पानटपरीवर लिहिण्यासारखी आहे. जबडा मोकळा ठेवण्याचे व्यायाम, जिभेचा काही भाग काढल्यावर उरलेल्या भागाने स्पष्ट बोलणे आणि गिळणे शिकणे, ही वाचा उपचाराचीच कामे. शरद पवारांना २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रियेनंतर तोंड उघडण्याचा, गिळण्याचा, बोलण्याचा त्रास त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितला, आणि त्यानंतरची दोन दशके ते महाराष्ट्रभर सभा घेत राहिले. बोलण्यात बदल झाल्यावरही माणूस हजारोंपुढे उभा राहू शकतो, हे या राज्याने डोळ्यांनी पाहिले आहे.

स्वरयंत्रच काढावे लागले तर? श्वास गळ्याच्या छिद्रातून सुरू होतो आणि आवाज संपतो. कर्करोगासाठी पूर्ण स्वरयंत्र काढण्याची पहिली शस्त्रक्रिया थिओडोर बिलरोथ यांनी व्हिएन्नात १८७३ च्या अखेरीस केली, आणि कृत्रिम आवाजाचा शोध तेव्हापासूनच सुरू झाला. आज तीन वाटा आहेत. ढेकरेसारखी हवा अन्ननलिकेत घेऊन तिच्यावर बोलायला शिकणे. गळ्याला लावायचे विजेवरचे कंपनयंत्र. आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामध्ये बसवायची छोटी झडप, जी सिंगर आणि ब्लॉम या अमेरिकी जोडीने १९८० मध्ये पुढे आणली. ही झडप ठरावीक काळाने बदलावी लागते आणि परदेशी झडपेची किंमत हजारो रुपयांत जाते. बंगळुरूचे कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. विशाल राव यांनी सुमारे ५० रुपयांत मिळणारी 'ओम' नावाची झडप तयार केली. तिन्हींपैकी कोणतीही वाट धरली तरी बोलणे शिकवायला वाचातज्ज्ञ लागतोच.

कंपवाताच्या रुग्णाचे दुखणे निराळे. त्याचा आवाज हळूहळू बारीक, एकसुरी होत जातो आणि आपण हळू बोलतो हे त्याला स्वतःला जाणवत नाही. उलट घरचेच बहिरे झाले असे वाटते. १९८० च्या दशकात लोरेन रेमिग यांनी अमेरिकेत या रुग्णांसाठी मोठ्याने बोलण्याचा एक काटेकोर सराव आखला: आठवड्यातून चार दिवस, चार आठवडे, रोज एक तास. 'ओरडल्यासारखे वाटेल एवढे बोला' ही त्यातली मुख्य सूचना, कारण रुग्णाला जे ओरडणे वाटते ते इतरांना साधे बोलणे ऐकू येते.

तोतरेपणाची वाट लांबची आहे. जगात साधारण शंभरातली एक व्यक्ती तोतरी बोलते, त्यात पुरुष जास्त. लहानपणी सुरू होणाऱ्या या अडखळण्यामागे आनुवंशिकता आणि मेंदूची घडण असते. भित्रेपणा हे त्याचे कारण नव्हे. वेखंड चाटवून, रागावून किंवा 'नीट बोल' म्हणून ते जात नाही. मोठेपणी ते पूर्ण जाईल अशी खात्री कोणी देत असेल तर सावध राहावे. पण शब्दाची सुरुवात मऊ करणे, अडलेल्या शब्दात जोर न लावता त्यातून बाहेर पडणे, मुद्दाम अडखळून भीती घालवणे हे शिकता येते. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज १९२६ पासून लायनेल लोग यांच्याकडे शिकत होते आणि सप्टेंबर १९३९ मध्ये, ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले त्या दिवशी, त्यांनी रेडिओवरून देशाला उद्देशून भाषण केले. भारतात २००८ मध्ये 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन' सुरू झाली. तिचे स्वमदत गट तोतरेपण लपवण्यापेक्षा ते मान्य करून मोकळेपणी बोलण्यावर भर देतात. स्वतःचे नाव सांगताना अडणाऱ्या, भरतीच्या मुलाखतीला न जाणाऱ्या, वर्गात उत्तर येत असून हात वर न करणाऱ्या तरुणाला असा गट ऑनलाइन भेटला तरी मोठा धीर मिळतो. कधीही न अडखळलेला माणूस उतारवयात एकाएकी अडखळू लागला, तर मात्र ते मेंदूच्या आजाराचे लक्षण असू शकते. त्याने आधी डॉक्टरकडे जावे.

हे सगळे करणारा तज्ज्ञ कुठे भेटतो? म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली; मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे; नायर रुग्णालयात आणि पुण्यातही या विषयाचे शिक्षण मिळते. तिथून बाहेर पडलेले तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटले आहेत. जवळचे मोठे शहर नांदेड, त्यापुढे छत्रपती संभाजीनगर. कर्करोगाचे रुग्ण तपोवन किंवा देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन टाटा रुग्णालयातून परत येतात, आणि शस्त्रक्रियेनंतरचा महिनोन्‌महिन्यांचा सराव गावात एकट्याने करतात. व्हिडिओ कॉलवरच्या उपचाराने हे अंतर आता बरेच कमी होऊ शकते, विशेषतः पहिली तपासणी समोरासमोर झाली असेल तर. तज्ज्ञ निवडताना एक गोष्ट पाहावी: १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी आहे का. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नसावा.

कायदा रुग्णाच्या बाजूने आहे, हेही फार थोड्यांना माहीत असते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा २०१६ मध्ये आला आणि त्यातल्या एकवीस दिव्यांगत्वांत 'वाचा व भाषा दिव्यांगत्व' नोंदले गेले. वाचाघाताने किंवा स्वरयंत्र काढल्याने आलेले कायमचे अपंगत्व त्यात स्पष्ट शब्दांत आहे. कंपवात वेगळा नोंदला आहे. म्हणजे लकव्याने ज्याची वाचा गेली, त्याला केवळ हातापायाचे नव्हे तर वाचेचेही मूल्यमापन मागता येते, आणि ते चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक ठरले तर योजनांचा लाभ मिळण्याची वाट मोकळी होते. दिव्यांगांच्या वैश्विक ओळखपत्राचा अर्ज भरताना वाचेचा रकाना रिकामा सोडू नये.

पुस्तिका तीन वाचकांसाठी लिहिली आहे. पहिला रुग्ण, ज्याच्यासाठी चित्रांची पाने मोठ्या अक्षरांत दिली आहेत. दुसरे घरचे: टीव्ही बंद करून, समोर बसून, एका वेळी एकानेच बोलणे, छोटे वाक्य, उत्तरासाठी थांबणे, रुग्णाचे वाक्य आपण पूर्ण न करणे, दिवसातून तीन-चार वेळा, तो ताजातवाना असताना, थोडा थोडा सराव घेणे, आणि त्याच्याशी लहान मुलासारखे न बोलणे. तिसऱ्या आशाताई, आरोग्यसेविका आणि गावचे डॉक्टर. त्यांच्यासाठी पाच प्रश्न दिले आहेत: बोलणे बदलले का? सांगितलेले समजते का? पाणी पिताना ठसका लागतो का? आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला आहे का? तोंडात तीन बोटे जातात का? यांतला एकही त्रास आढळला तर रुग्णाला पुढे पाठवायचे. लकव्याच्या रुग्णाला घरी सोडताना गोळ्यांच्या यादीखाली 'वाचा व गिळणे तपासून घ्या' अशी एक ओळ लिहायला खर्च येत नाही. ती लिहिलेली नसेल तर नातेवाइकांनी मागून घ्यावी.

प्रकरणे सलग वाचायची गरज नाही. पहिले लकव्यानंतरच्या पहिल्या आठवड्याचे आहे, दुसरे गिळण्याचे. ज्यांच्या घरी आज असा रुग्ण आहे त्यांनी ही दोन आधी वाचावीत, आणि बाकीची त्याच्या शेजारी बसून, त्याला दाखवत वाचावीत.